माळवदावरची हाक

माझा आवाज असा चिरका का, हे विचारायची लोकांना लई हौस. नवी सून आली की विचारते, शेजारीण विचारते, परवा दवाखान्यातल्या पोरीनं घशात बॅटरी मारून विचारलं, "आजी, जन्मापासून असाच हाय का?" न्हाई गं माय. माहेरी उदगीरला होते तोवर माझी हाक ऐकून रानातली गुरं माघारी फिरायची. बाप म्हणायचा, लक्ष्मम्माला नवरा बहिराच बघावा लागतोय.

आन् दुसरं. दिवेलागणीला बाहेरून कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देऊ नका, असं मी घरात बजावते, तर पोरं दात काढतात. काढा. पण तीन हाका येऊ द्या. माणूस असला तर तीनदा मारतो. ते असलं तर एकदाच मारतं, आन् त्या एका हाकेला ओ गेली की झालं.

या दोन्ही गोष्टी एकच हायेत. सांगते. पण मधे मधे बोलू नका, माझा दम तुटतो.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांची धामधूम अजून यायची होती. लातूरला गंजाच्या बाजाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं घर, अंगणातून वर जायला लाकडी शिडी. मालक सरकारी मदरशात शिकवायचे. गणितबी उर्दूतून, भूगोलबी उर्दूतून. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मीबी मास्तरच म्हणत आले. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं असं आमच्यात मानायचे. बाकीच्या बाया निदान उखाण्यात तरी घ्यायच्या. मी तेबी न्हाई. लग्नात बायांनी दार अडवलं, "नाव घे, मगच आत ये." मी उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसले, पण घेतलं न्हाई. शेवटी सासूच म्हणली, "सोडा गं तिला, दिवस मावळंल."

त्यावरून मास्तर मला किती चिडवायचे! "काशे, एकदा घेऊन तर बघ. तुझ्या तोंडून कसं लागतंय ते ऐकू तर दे." मी म्हणायची, "कसं लागायचंय, कडू लागंल." ते हसायचे. पण हसून झालं की माझ्या तोंडाकडं बघत राहायचे, आन् मला कळायचं की माणसाला हे खरंच पाहिजे.

काशी हे माझं सासरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरले, मास्तरांनी अंगठीनं त्यात काशीबाई असं लिहिलं आन् सगळ्यांनी मोठ्यानं म्हणलं. लक्ष्मम्मा तिथं संपली. पुढं माहेरचं कुणी लक्ष्मम्मा म्हणून हाक मारली तर माझी मान वळायची न्हाई. तांदळातल्या नावाचं असं असतंय. नवं लिहिलं की जुनं गळून पडतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

मास्तरांना नाद एकच, आभाळाचा. नांदेडला रेल्वेतल्या एका साहेबानं विलायतेला जाताना दुर्बीण विकायला काढली, ती यांनी आणली. माझ्या पाटल्या व्हायच्या होत्या, त्याची दुर्बीण झाली. झालं. जेवण झालं की माळवदावर. मलाबी वर ओढायचे. "ही आपली रोहिणी. अरबांनी हिला नाव ठेवलं दबरान. दबरान म्हणजे मागं मागं येणारा, कृत्तिकेच्या मागं लागलेला. आन् साहेब लोकबी तेच अरबी नाव वाकडंतिकडं करून घेतात."

"म्हणजे आपल्यात बाई आन् त्यांच्यात बाप्या?" मी म्हणलं. "मग त्यानं कोणत्या हाकेला ओ द्यायची?"

"अगं खुळे, तारे ओ देत न्हाईत."

असं म्हणले होते ते. मी विसरले न्हाई.

धूमकेतूला ज्यानं पहिल्यांदा बघितला त्याचं नाव मिळतं, हेबी त्यांनीच सांगितलं. आन् बाकीच्या बारक्या ताऱ्यांना नावच नसतं, नुसते आकडे. हैदराबादच्या वेधशाळेत लोक बसून आकडे टाकून राहिलेत, लाखांनी. बिननावाचं असणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

माझी पहिली दोन लेकरं बारशाच्या आत गेली. दोन्ही उदगीरला, माहेरी. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. जंगमानं इवलंसं लिंग गळ्यात बांधलेलं, विभूती लावलेली, पण नाव न्हाई. मी रडायला बसले तर काय म्हणून रडू? बाया आपल्या गेलेल्याला नावानं हाका मारून रडतात. मला नुसतं 'बाळा, बाळा' करावं लागलं. बाळ तर कुणालाबी म्हणतात. मला वाटायचं, त्यांना कळतबी नसंल की आई आपल्यालाच बोलावून राहिली.

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी मला माहेरी पाठवलं न्हाई. आपल्या थोरल्या बहिणीला, नीलाक्काला, मुदखेडहून बोलावून घेतलं. नीलाक्का आली ती डिंक, खारका, बाळंतकाढ्याची गठुडी घेऊन. बाई हाडाची मोठी, बोलणं त्याहून मोठं. दसरा झाला आन् पोरगी झाली. काळ्याभोर डोळ्यांची, चांगली रडकी. रडकं लेकरू जगतं म्हणतात, मी खूश.

आता आमची रीत ऐका. लेकराचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्यानं नाव मनात धरायचं आन् पोटातच ठेवायचं. बारशाला पाळण्यापाशी वाकून लेकराच्या कानात 'कुर्र' करून सांगायचं, मग बायांनी पाठीत धपाटे घालायचे. त्याच्या आधी ते नाव कुणाच्या कानी पडता कामा नये. आईच्या न्हाई, बापाच्या न्हाई. पहिला कान लेकराचा. ज्याच्या कानात पहिल्यांदा पडलं, नाव त्याचं.

पोरगी पाच दिवसांची असंल. मास्तर संध्याकाळी शिडीवरून असे धावत उतरले की शेवटच्या पायरीवरून पडलेच. "नीलाक्का! काशे! विंचवाच्या शेपटीपाशी नवा तारा हाय! काल नव्हता!" अंगणात नाचायला लागले. एवढा मदरशाचा मास्तर! लगोलग तारघरात जाऊन हैदराबादच्या वेधशाळेला तार केली. मी खोलीत बाजेवर, खाली शेगडी, मला काय दिसायचंय. म्हणलं, "माझी पोरगी झाली तेव्हा केली न्हाईत कुठं तार?" तर म्हणले, "बघ, तिच्याचसाठी आलाय तो."

मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगते. मास्तर नीलाक्काच्या मागं लागले. "अक्का, पोरीचं नाव काय धरलंयस ते सांग. ताऱ्याला देतो. हैदराबादला कळवतो. दोन लेकरं बिननावाची गेली माझी. हिचं नाव तरी अशा जागी लिहून ठेवतो जिथून कुणाला पुसता येणार न्हाई." नीलाक्का न्हाई म्हणत होती. पण भावाच्या डोळ्यांत पाणी आलं आन् तिचं काळीज पाघळलं. तिनं विचार काय केला, तर भावाच्या कानात सांगितलं तर रीत मोडते, पण ताऱ्याला कुठं कान हायेत? दिवेलागणीला दोघं माळवदावर गेली. तिनं पदर डोक्यावरून घेतला, दक्षिणेकडं तोंड केलं आन् रीतसर 'कुर्र' करून ताऱ्याला नाव सांगितलं. मास्तर शेजारी उभे राहून ऐकत होते. माझ्या डोक्यावर त्यांची पावलं वाजली तेवढी मी ऐकली. दोन शहाणी माणसं, एकालाबी सुचलं न्हाई की लेकराचा कान अजून रिकामाच हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाक्काचा घसा बसला. बसला म्हणजे बंदच. फुसफुस निघायची, वाऱ्यावर फडकं हलावं तशी. मास्तर म्हणले, "वर गार वारं लागलं."

त्या संध्याकाळी नीलाक्का माझ्या बाजेपाशी बसून लेकराच्या टाळूवर तेल जिरवत होती. दिवा नुकताच लावलेला. आन् वरून, माळवदावरून, नीलाक्काच्या आवाजात हाक आली.

"शिवगंगाऽ"

एकदाच. चांगली खणखणीत, जेवायला बोलवावं तशी.

मी नीलाक्काकडं बघितलं. तिचं तोंड मिटलेलं. तेलाची वाटी हातातून पडली, तेल सगळं गोधडीवर.

"शिवगंगा कोण?" मी म्हणलं.

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की ते माझ्या लेकीचं नाव हाय. आईनं लेकीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. मग तिनं फुसफुसत, हातवारे करत सगळं सांगितलं. मी बाळंतीण नसते ना, तर त्या दोघांना शिडीवरून ढकललं असतं!

आन् लेकरू? ते टक लावून छताकडं बघत होतं. एवढंसं, मान धरता न येणारं, पण डोळे वर. त्या रात्रीपासून पोरगी दूध नीट प्यायना. एकदोन घोट घ्यायची आन् तोंड सोडून वर बघायची. रडणं तर थांबलंच. रडक्या लेकराचं रडणं थांबलं की घर कसं होतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हाक. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. मला भीती एकच होती. तान्ह्या लेकराची ओ म्हणजे काय? एक हुंकार. झोपेत, दुधात, कधीबी निघतो. तो जर त्या हाकेला निघाला? म्हणून दिवे लागायची वेळ झाली की मी तिचे दोन्ही कान हातांनी झाकायची आन् तोंड छातीशी दाबून धरायची. ती प्यायची न्हाई, पण आवाज तरी निघायचा न्हाई. हाक येऊन गेली की मगच हात काढायची. बारसं जवळ आलं होतं आन् मला रोज वाटायचं, हिचंबी तसंच होणार. हीबी बारशाच्या आतच जाणार.

मास्तरांना सांगितलं तर म्हणले, "मला काही ऐकू आलं न्हाई. बाळंतपणात होतात असे भास."

"मग मला नाव कुणी सांगितलं?"

त्यावर शिडी चढून वर निघून गेले. पण एका संध्याकाळी वरून उतरले ते तोंड पाडून. म्हणले, "तारा मंद होत चाललाय. असले नवे तारे पेटतात आन् विझतात. राहत न्हाईत."

मी लेकराला त्यांच्यासमोर धरलं. हाताच्या काड्या झालेल्या. "मास्तर," म्हणलं, "हिच्याकडं बघा आन् परत सांगा. कोण मंद होत चाललंय?"

त्यांनी बघितलं. शिकलेला माणूस, पण बापच की. पोरीला उचलून छातीशी घेतलं.

त्याच आठवड्यात हैदराबादहून कळलं की तारा आधीच दुसऱ्या मुलखात कुणाला तरी दिसलाय, आन् असल्या ताऱ्याला माणसाचं नाव देतच न्हाईत. ज्या राशीत दिसला ती रास आन् साल, एवढंच. मी म्हणलं, "आम्हा बायांसारखंच मग. कुणाच्या घरची आन् कोणत्या सालची. एवढ्यासाठी माझ्या लेकीचं नाव वाटून आलात?" मास्तर रडले. पहिल्या दोघांच्या वेळीबी एवढे रडले नव्हते.

मग मीच म्हणलं, "ताटात तांदूळ पसरा. माझं लक्ष्मम्माचं काशी केलं ना? त्या ताऱ्याचंबी नवं नाव करा. जुनं गळून पडंल."

मास्तर म्हणले, "कुणाचं द्यायचं?"

"देवाचं द्या, न्हाई तर धोंड्याचं द्या!"

नीलाक्कानं जोरजोरात मान हलवली. माझ्या कानाशी येऊन फुसफुसली, "त्याला ओ पाहिजे. देव ओ देत न्हाई, धोंडा देत न्हाई. ते परत पोरीकडंच येणार. ओ देणाऱ्या माणसाचंच नाव लागंल."

मग मास्तरांनी डोळे पुसले आन् म्हणले, "मग माझं लिहा."

मी म्हणलं, "येडे झालात का?"

"ऐक की. लेकराला कळत न्हाई ओ द्यायची का न्हाई. मला कळतंय. मी एवढा बाप्या माणूस, ते वरून किती का बोंबलंना, मी देणारच न्हाई ओ. मग काय करतंय ते? आन् आमच्या शास्त्रातबी धूमकेतूला ज्याला सापडला त्याचं नाव देतातच की." मग हळूच हसले, त्या तसल्या वेळीसुद्धा. "फक्त स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं. दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं."

दुसरं कोण? नीलाक्काला आवाज न्हाई. बाहेरच्या कुणाला सांगावं तर सकाळपर्यंत गंजात बोंब. घरात आवाज असलेलं माणूस एकच उरलं होतं.

मी न्हाईच म्हणलं. हात जोडले. म्हणलं, "उंबऱ्याबाहेर बसले पण घेतलं न्हाई, आन् आता घेऊ? तुमचं आयुष्य तुटंल." तर म्हणले, "आन् हिचं?" मांडीवरच्या पोरीकडं बोट केलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले, छताकडं.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी नीलाक्कानं मला धरून शिडी चढवली. बाळंतीण बाई, ओल्या अंगाची, पण गेले. मास्तरांनी काठावर ताट ठेवलं, तांदूळ पसरले, अंगठीनं स्वतःचं नाव लिहिलं. विंचवाची शेपटी मावळतीला टेकत आलेली. तिच्यापाशी तो. केवढासा, विझत आलेल्या काडीएवढा. मास्तर माझ्या शेजारी उभे राहिले. कान माझ्याकडं करून.

मी पदर डोक्यावरून घेतला आन् त्याच्याकडं बघून माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्यानं. गुरं माघारी फिरावीत एवढ्या मोठ्यानं.

मास्तरांनी डोळे मिटले होते. म्हणले, "काशे, कडू न्हाई लागलं गं." मला रडू फुटलं.

खाली आलो तर पोरगी रडत होती! कडकडून, भुकेनं, गल्ली उठंल अशी. छातीशी घेतली तर सोडंना. त्या संध्याकाळी माळवदावरून हाक आली न्हाई. आन् सकाळी नीलाक्का चुलीपाशी नेहमीसारखी ओरडली, "अगं दूध उतू गेलं!" तिचा आवाज परत आला होता. मी हसून काहीतरी बोलायला गेले, तर माझ्या घशातून वारं निघालं.

बारसं झालं. नीलाक्कानं रीतसर कानात सांगितलं, शिवगंगा. आता तिला मुरुडला दिलीय, सुना आल्यात तिला. तर मी तेव्हा मनात म्हणलं, गेला आवाज तर जाऊ दे. लेक राहिली. नीलाक्कासारखा येईल परत. पण नीलाक्काचा परत आला तो त्या ताऱ्याला नवं नाव मिळालं म्हणून, हे मग ध्यानात आलं. माझा परत यायचा तर त्या ताऱ्याला आणखी तिसरं नाव द्यावं लागलं असतं, न्हाई तर...

पुढचं मी मनातबी आणत नव्हते.

दिवाळी झाली. नीलाक्का मुदखेडला गेली. तारा दिसेनासा झाला, दुर्बिणीतूनबी न्हाई. आन् एका संध्याकाळी, मी दिव्यात तेल घालत होते, वरून हाक आली. मास्तरांच्या नावाची. माझ्या आवाजात.

माझा तो पहिला आवाज, उदगीरचा. त्या ताऱ्यानं ते नाव ऐकलं होतं माझ्या तोंडून. त्याला दुसरा आवाज कुठला ठाऊक असायला?

मी मास्तरांकडं बघितलं. पोरीच्या हाकेला भास म्हणणारा हा माणूस मान वर करून ऐकत होता. मी धावत जाऊन मनगट धरलं, तोंडावर बोट ठेवलं. म्हणले, "कळतंय गं. दिलीय का मी ओ?" दिली नव्हती. रोज हाक यायची, ते रोज ऐकायचे आन् गप राहायचे. दिला शब्द पाळून होते.

पण मदरशातून लवकर घरी यायला लागले. आधी दिवेलागणीला गंजात चार लोकांत बसायचे, ते बंद केलं. दिवा लावायच्या आत येऊन अंगणात बसायचे, पोरीला मांडीवर घेऊन. हाक येऊन गेली की तोंडावर असं समाधान! मला सगळं कळत होतं. माझ्याच आवाजाचा मला एवढा राग आला. मी पाट्यावर वाटण वाटताना दात खायची. मी त्यांच्याशेजारी मनगट धरून बसायची मुकी, आन् तिकडं ती वर बसून त्यांना नावानं बोलवायची. सवतच म्हणा की.

येळवस आली. आमच्या मुलखात त्या अमावास्येला घराघराला कुलूप, सगळं गाव रानात. आम्हाला रान नव्हतं, एका सोबत्याच्या रानात गेलो. भज्जी, रोडगे, आंबील. मी पोरीला झाडाखाली खेळवत होते, गरम काढा प्याले होते, आन् माझ्या घशातून 'हं' असा बारीक आवाज निघाला. निघाला म्हणजे काय, घुंगरू वाजल्यागत. मास्तरांनी ऐकला. पोराएवढा आनंद झाला त्यांना. "येऊन राहिलाय काशे, आवाज येऊन राहिलाय! दोन दिवसांत बोलशील बघ." वाटेनं गाणं म्हणत आले.

घरी आलो तर दिवेलागण. ते अंगणात बसले पोरीला घेऊन. मी मागच्या दारानं सरपण आणायला गेले. एवढंच अंतर. रोज मी त्यांचं मनगट धरून बसायची, त्या दिवशी तेवढी गेले. आवाज यायलाय या आनंदात मीच जरा ढिली पडले होते.

सरपणाचा बोजा घेऊन मागच्या दारात आले आन् हाक आली.

मास्तरांची पाठ माझ्याकडं. त्यांनी मान वर केली न्हाई की इकडंतिकडं बघितलं न्हाई. त्यांना वाटलं, मी. खरीखुरी मी. घसा उघडला आन् बायकोनं पहिलं नाव घेतलं ते आपलं. त्यांनी पोरीला अलगद गोधडीवर ठेवलं आन् उठले.

मी तोंड उघडलं. जेवढा जीव होता तेवढा लावून ओरडले. वारं निघालं, नुसतं वारं.

"ओ!" मास्तर म्हणले. "आलो गं, आलो!"

मी बोजा टाकला, लाकडं सगळ्या अंगणात खडखडली, पण ते वळले न्हाईत. ओ गेली तसं कुणी वरून ओढल्यागत, तरण्या पोरागत शिडी चढले. मी मागोमाग चढले. लुगडं पायात अडकलं, गुडघे फुटले. वर गेले तर मास्तर काठाला टेकून बसलेले, तोंड दक्षिणेकडं. हसत होते. अंग गरम होतं. श्वास नव्हता.

आन् तेव्हा माझा आवाज आला. फाटका, असा, आज ऐकताय तसला. आला तो त्यांचं नाव घेऊनच आला. मग मी थांबलेच न्हाई. खांदे धरून हलवत हाका मारत राहिले. गल्ली गोळा झाली, बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या, काशी नवऱ्याचं नाव घेतीया म्हणून. घेतलं. तीनदा घेतलं, शंभरदा घेतलं. दोन लेकरांना नावानं रडता आलं नव्हतं, यांना रडले.

जन्मभर त्यांना माझी एक हाक पाहिजे होती. त्या हाकेला ओ दिली, ती माझी नव्हती. आन् माझ्या हाका सकाळपर्यंत चालल्या, त्यातल्या एकीलाबी ओ आली न्हाई.